हिडकल, जानेवारी

टायरच्या कंपनीनं दिलेलं कॅलेंडर
अकरा वर्षं आमच्या दुकानात डिसेंबरवरच अडकलेलं.
कुठल्याशा बेटाचा किनारा, बर्फानं गिळलेला,
काळं पाणी, आणि काठाकाठानं जाणारा
एकच रस्ता. त्याच्यावर एक लाल गाडी.
द्रुपदा गल्ल्यावर बसली की त्या गाडीकडं बघायची.
एकदाच म्हणाली होती, "आत कोण असेल, सांगा की."
मी पंक्चर काढत होतो.

आता दुकान दुसऱ्याचं. भिंत रंगवून घेतली त्यानं,
खिळासुद्धा ठेवला नाही.
मी म्हटलं, जाऊया कुठंतरी.
"कुठं?"
"पाण्याच्या कडेनं."
पासपोर्ट नाही, स्वेटर आहेत.

गाडी तीच चालवते. बावन्नाव्या वर्षी शिकली,
क्लच सोडताना अजून ओठ चावते.
माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायचा आहे,
डॉक्टर म्हणतात थांबा, म्हणून थांबलोय.
तेव्हा काकतीच्या पुढं धुकं लागलं
तर मला वाटलं, माझंच आहे.
"नाही हो," ती म्हणाली, "हे सगळ्यांचं."

वंटमुरीचा उतार आम्ही कानानं उतरलो.
उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या,
एकालाही लाल दिवा नाही, पण टेप मोठ्यानं लावलेला.
गाणं जवळ आलं की ब्रेक.
काचेवर पाचटाचा चुरा. कुठंतरी गुऱ्हाळ उकळतंय,
काकवीचा वास थेट स्वेटरात शिरला.
एक पाटी आली. डांबराचा फराटा तेवढा दिसला,
खालची अक्षरं कुणाची होती ते नाही,
आणि आम्ही दोघांनीही वळून बघितलं नाही.
ती वायपर लावत होती. तो कुरकुरत होता.

हत्तरगी सोडून आत वळलो.
मग कितीतरी वेळ नुसती बाभळ, बाभळ, बांध, कुत्रं,
आणि अचानक उजव्या हाताची जमीन संपली.
पाणी म्हणावं तर पाणी दिसत नव्हतं.
पांढरं होतं. धरणभर पांढरं,
आणि त्यातून वर निघालेले टेकड्यांचे माथे,
एक, दोन,
पलीकडं अर्धा.
तिनं गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, परत एकदा ओढला.
इंजिन बंद झाल्यावर तिचा श्वास दिसला मला.
उजव्या डोळ्यानं, स्वच्छ.

टपरीवर बाळव्वा. डोक्याला टॉवेल, चुलीत तुराट्या.
पांढऱ्याकडं हात करून म्हणाली,
"मंजु. भाळ मंजु."
द्रुपदाचं माहेर हुक्केरीचं, शाळा कन्नडची.
घरात ती भाषा ती फक्त भावाशी फोनवर बोलते,
आणि रागावली की स्वतःशी.
"धुकं म्हणतात त्या," ती म्हणाली.
"दवालाही मंजुच. आणि…"
कप दोन्ही हातांत धरून थांबली.
"आणि बर्फालाही मंजुच म्हणतात."

चहा निवत होता. मी विचारलं,
"आणि बेटाला?"
"नडुगड्डे. मधला गड्डा."
"कोबीचा असतो तसा?"
"कोबीचाच," म्हणाली, आणि चहा सांडेपर्यंत हसली.
एकोणतीस वर्षं संसार केला,
हे दोन शब्द तिच्याजवळ होते
आणि मी कधी मागितले नव्हते.

आमची गाडी लाल नाही. राखाडी आहे,
मागच्या दाराला पोचा, काचेवर लिंबू-मिरची.
उभी होती काठावर, टप घामेजलेला.
चहाचे पैसे मी दोनदा दिले,
बाळव्वानं एकदाचे परत केले.

"ते बघा," द्रुपदा म्हणाली,
"तिकडच्या माथ्यावर कुणीतरी आहे. शेळ्या आहेत.
आपल्या गाडीकडं बघतंय."
मला काही दिसलं नाही.
मी हात केला.